पाणी, प्रकाश आणि गाडगीळ

गाडगीळ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ज्याचं त्याचं वेगळं. आमच्या घरातल्या बायकांना सोनं आठवतं. साहित्यवाल्यांना गंगाधर गाडगीळ आणि नवकथा. पर्यावरणवाल्यांना माधव गाडगीळ आणि पश्चिम घाट. पाणी मात्र कुणालाच आठवत नाही. आज मला ज्या गाडगीळांबद्दल लिहायचंय ते पाण्याचे गाडगीळ. अशोक गाडगीळ. जन्म १९५०, मुंबईचा. आणि काम? ट्यूबलाइटच्या भावंडाकडून कॉलऱ्याचे जंतू मारून घेणं!

ह्या पोस्टचं निमित्त आमचा भाचा. गेल्या पावसाळ्यात घरच्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे "पाणी उकळून प्या" हा संदेश फिरत होता. त्यावर ह्या पठ्ठ्याने विचारलं, "मामा, घरच्या फिल्टरमध्ये जर निळा दिवा पाणी शुद्ध करतो, तर महापालिका भांडुपलाच एक मोठ्ठा निळा दिवा का नाही लावत? म्हणजे कुणालाच उकळायला नको." प्रश्न पोरसवदा वाटला तरी आहे अगदी मुद्द्याचा. मी दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि ते काही दोन ओळींत मावेना. म्हणून ही पोस्ट. भाच्याने वाचावी, आणि बाकीच्यांनीही वेळ असेल तर चहा घेऊन बसावं.

सुरुवात जरा मागून करू.

उन्हात वाळवलं की वस्तू "शुद्ध" होते हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लोणच्याची बरणी, गाद्या, बाळाचे लंगोट, सगळं उन्हात. पण उन्हातलं नेमकं काय काम करतं हे पाहिलं १८७७ साली, डाउन्स आणि ब्लंट ह्या दोन इंग्रजांनी. त्यांनी जंतू वाढतील अशा द्रावणाच्या नळ्या काही उन्हात ठेवल्या, काही झाकून. झाकलेल्या गढूळल्या, उन्हातल्या स्वच्छ राहिल्या. काम उष्णतेचं नव्हतं, प्रकाशाचं होतं. त्यातही निळ्या-जांभळ्या टोकाकडचा प्रकाश जास्त जहाल. पुढे कळलं की खरी जहाल बाजू त्या जांभळ्याच्याही पलीकडे आहे, डोळ्यांना न दिसणारी. म्हणून अतिनील. आपण सगळे तिला यूव्ही म्हणतो, मीही तेच म्हणेन.

१९०१ साली अमेरिकेत कूपर ह्युइटने पाऱ्याच्या वाफेचा दिवा आणला. थोड्याच वर्षांत क्वार्ट्झच्या नळीतले दिवे आले (साध्या काचेतून ही किरणं बाहेरच पडत नाहीत, म्हणून क्वार्ट्झ). आणि १९१० साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याच्या पाण्यावर यूव्हीचा पहिला प्रयोग झाला. म्हणजे भाच्याची कल्पना शंभरहून जास्त वर्षांची आहे. मग ती तेव्हाच का नाही पसरली? कारण सोपं. दिवे लवकर मरत, वीज महाग होती, आणि १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीने पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात केली होती. क्लोरीन स्वस्त. शिवाय त्याचा एक गुण असा की ते पाण्याबरोबर पाइपमधून पुढे चालत जातं. हा गुण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्लोरीन जिंकलं. यूव्ही मागे पडली, ती १९५५ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात हळूहळू परत आली. १९७४ साली नेदरलँड्समधल्या योहानेस रूक ह्यांनी दाखवलं की क्लोरीनचा पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या अर्काशी संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी नको ती संयुगं तयार होतात. मग लोक पुन्हा यूव्हीकडे वळून बघायला लागले.

आता ट्यूबलाइट. हा भाग मला फार आवडतो.

आपल्या घरातल्या जुन्या ट्यूबच्या आत थोडासा पारा असतो. वीज सोडली की पाऱ्याची वाफ प्रकाश देते, पण तो प्रकाश मुख्यतः यूव्ही असतो, २५४ नॅनोमीटरचा. नळीच्या आतून जो पांढरा थर दिलेला असतो तो ही यूव्ही गिळतो आणि त्याबदल्यात आपल्याला दिसणारा उजेड देतो. म्हणजे तो पांढरा थर काढला आणि साध्या काचेऐवजी यूव्ही आरपार जाऊ देणारी काच वापरली, की झाला जंतुनाशक दिवा! आणि योगायोग असा की जंतूंच्या डीएनएला जो प्रकाश सर्वांत जास्त बाधतो तो साधारण २६० नॅनोमीटरच्या आसपासचा. पाऱ्याने जणू मुद्दाम जवळचा नेम धरलाय. ही किरणं डीएनएमधल्या शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकांना चिकटवून टाकतात. जंतू लगेच मरतोच असं नाही, पण त्याला आपली नक्कल काढता येत नाही. आणि ज्याला वाढता येत नाही तो आपल्याला आजारी पाडू शकत नाही.

आता गाडगीळ.

मुंबई विद्यापीठातून पदार्थविज्ञान, मग आयआयटी कानपूर, मग बर्कलीला १९७९ साली डॉक्टरेट. गुरू कोण, तर आर्थर रोझेनफेल्ड. ऊर्जाबचत हे शास्त्र म्हणून उभं करणाऱ्यांपैकी एक. ऐंशीच्या दशकात गाडगीळ काही वर्षं दिल्लीत टाटा एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होते. १९८८ मध्ये परत बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत. त्यांच्या डोक्यात तेव्हा दिवेच होते. मुंबईत सीएफएल दिवे वीज कंपनीमार्फत हप्त्याने घरोघरी द्यावेत अशी एक योजना त्यांनी मांडली होती, तिचं नाव "बेल". पूर्ण नाव बॉम्बे एफिशियंट लायटिंग लार्ज-स्केल एक्सपेरिमेंट. गरिबाला दिवा एकरकमी परवडत नाही, पण महिन्याच्या बिलात वाचलेल्या पैशांतून परवडतो, असं साधं गणित. योजना प्रत्यक्षात आली नाही. पण दिवा, चोक, वीजबिल आणि गरीब माणसाचा खिसा ह्या चार गोष्टी एकत्र धरून विचार करायची सवय त्या माणसाला लागलेली होती हे दिसतं.

१९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये कॉलऱ्याचा एक नवा प्रकार दिसला. नाव ओ-१३९. पुढच्या काही महिन्यांत तो बंगालमध्ये आणि बांगलादेशात पसरला, आणि त्याला "बेंगॉल" असंच नाव पडलं. जुन्या कॉलऱ्याने अंगात आलेली प्रतिकारशक्ती ह्याच्यापुढे चालेना, त्यामुळे एरवी ज्यांना कॉलरा होत नसे अशी मोठी माणसंही पटापट आजारी पडायला लागली. गाडगीळांनी यूव्हीचं काम १९९३ मध्ये हाती घेतलं ते ह्या साथीमुळे. लहानपणी त्यांच्या नात्यातली तान्ही बाळं जुलाबाने गेली होती, हेही त्यांनी सांगितलेलं आहे.

हे वाचलं तेव्हा मी थबकलो होतो. माझ्या आजीला सात मुलं झाली, वाढली पाच. दोघांबद्दल विचारलं की ती एवढंच म्हणायची, "पोट बिघडलं होतं हो." बस. पुढे एक शब्द नाही. कुठलं पाणी, कुठला जंतू, कुणाला माहीत? आमच्या वंशावळीत त्या दोघांची नावंसुद्धा नाहीत. तुमच्याही घरात असे रिकामे चौकोन असतील. एका पिढीपूर्वी ते इतके सर्रास होते की कुणी त्याला दुर्घटना म्हणत नसे.

असो. तर गाडगीळांनी केलं काय?

यूव्ही त्यांनी शोधली नाही. ती होतीच. पण जी यंत्रं होती ती श्रीमंत गावांसाठीची होती. पाणी दाबाने नळीतून जायचं, दिवा क्वार्ट्झच्या आवरणात घालून पाण्यात बुडवलेला. अडचण अशी की पाण्यातले क्षार, शेवाळ, लोह त्या आवरणावर चढतं. आपल्या गिझरच्या कॉइलवर चढतं ना, तसंच. आवरण मळकट झालं की दिवा आत जळत राहतो, बाहेर काही येत नाही. यंत्र चालू दिसतं, मीटर फिरतं, आणि जंतू आरामात पुढे जातात. शहरातल्या केंद्रात आवरण पुसायला यांत्रिक हात असतात, इंजिनियर असतो. खेड्यात कोण?

त्यांनी दिवा पाण्यातून बाहेरच काढला. एक पसरट स्टीलचा ट्रे, त्यातून पाण्याचा पातळ थर सावकाश वाहतो. दिवा त्याच्या वर, हवेत टांगलेला. दिव्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमचं वाकवलेलं छत, म्हणजे वर जाणारी किरणंही परतून पाण्यावरच. दिव्याला पाणी लागतच नाही, मग पुटं चढणार कशी? पाण्याला दाब नको. हंडा ओतला, हातपंप मारला किंवा वर टाकी ठेवली, तरी उतारानेच काम होतं. पाणी आत शिरताना असं पसरवलं जातं की एखादी धार मध्येच आडवाट काढून भरकन पुढे जाऊ नये. यूव्हीच्या यंत्रात हे फार महत्त्वाचं. शंभरातल्या नव्व्याण्णव थेंबांवर भरपूर प्रकाश पडला आणि एक थेंब कडेने निसटला, तर तो एकच थेंब पुरतो.

यंत्राचं नाव ठेवलं "यूव्ही वॉटरवर्क्स". मिनिटाला १५ लिटर पाणी, एकूण वीज ६० वॉट. पाण्यावर पडणाऱ्या मात्रेचं माप प्रति चौरस सेंटिमीटर मिलिज्यूलमध्ये करतात. युरोपात पिण्याच्या पाण्याला साधारण ४० पुरेसे मानतात. ह्या यंत्रात ती जवळजवळ तिप्पट ठेवली. का? दिवा म्हातारा झाला, व्होल्टेज पडलं, पाणी थोडं गढूळ आलं, तरी शिल्लक उरावी म्हणून. खेड्यातलं व्होल्टेज ठाऊक असलेल्या माणसाचं डिझाइन आहे ते. :)

आता थोडं गणित करू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० पर्यंत न्यायला ०.०८७ युनिट ऊर्जा लागते. म्हणजे हजार लिटरला ८७ युनिट. गाडगीळांच्या यंत्रातून हजार लिटर जायला लागतात सुमारे ६७ मिनिटं, आणि वीज खर्च होते ०.०६७ युनिट. तेराशे पटींचा फरक! तेही उकळताना एक कणही उष्णता वाया गेली नाही असं धरून. साध्या चुलीत लाकडाची आठ हिश्श्यांतली सातेक हिस्से उष्णता भांड्याला लागतच नाही, म्हणजे फरक दहा हजार पटींवर गेला. "उकळून प्या" हा सल्ला देणं सोपं असतं. ते सरपण कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं, आणि तो धूर कुणाच्यातरी छातीत जातो.

पैशांत मांडायचं तर टनाला अमेरिकी पाच सेंटच्या आसपास. एक माणूस रोज तीन लिटर पाणी पितो असं धरलं तर वर्षाला साधारण एक टन. म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी पाच सेंटमध्ये निर्धोक.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञान मासिकांनी यंत्राला पुरस्कार दिले. वॉटरहेल्थ इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने परवाना घेतला. दक्षिण आफ्रिकेत प्रत्यक्ष वापराच्या चाचण्या झाल्या. २००५ नंतर आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत पाण्याची केंद्रं उघडली. गाळणी, वर हे यंत्र, आणि कॅनने पाणी विकत. इथे आपल्यासारख्यांच्या कपाळावर आठी पडते. पाणी विकायचं? आपल्याकडे पाणपोई घालण्याचं पुण्य सांगितलंय. मलाही हे सुरुवातीला खटकलं. पण दुसरी बाजूही आहे. फुकट बसवलेली यंत्रं आपण सगळ्यांनी पाहिलीत. उद्घाटनाचा हार वाळायच्या आत दिवा जातो, आणि तो बदलायचा कुणी ह्यावर ग्रामपंचायतीत दोन वर्षं चर्चा होते. यूव्हीचा दिवा वर्षभराने बदलावाच लागतो. दिसायला तो जळत असला तरी त्याची जहाल किरणं कमी झालेली असतात. तेव्हा दर वर्षी न चुकता कुणीतरी दिव्याचे पैसे बाजूला काढले पाहिजेत. ते पाणी पिणाऱ्याकडून घ्यायचे की सरकारकडून, हा वाद चालू राहू दे. पण पैसे लागतात हे नाकारून चालणार नाही.

गाडगीळ नंतर आर्सेनिककडे वळले, डारफूरच्या निर्वासितांसाठी चुलीकडे वळले. २०१२ मध्ये लेमेलसन-एमआयटी पुरस्कार, २०१४ मध्ये अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय दालनात स्थान, आणि २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक. आपल्याकडे त्याची बातमी आली, गेली.

आता भाच्याचा मूळ प्रश्न. मग भांडुपला का नाही?

वीज परवडत नाही म्हणून? नाही. मुंबईला रोज साधारण ३९०० दशलक्ष लिटर पाणी लागतं, म्हणजे ३९ लाख टन. गाडगीळांच्या छोट्या यंत्राच्याच दराने हिशेब केला तरी रोज अडीच-पावणेतीन लाख युनिट होतात, आणि मोठ्या केंद्रांत दर टनाला ह्याहून बरीच कमी वीज लागते. शहराला हे अशक्य नाही. न्यूयॉर्कने केलंच. तिथे २०१२-१३ मध्ये रोज २०० कोटी गॅलन पाण्याला पुरेल असं यूव्ही केंद्र सुरू झालं. त्यामागेही एक साथ होती. १९९३ च्या वसंतात, म्हणजे इकडे बंगालमध्ये नवा कॉलरा होता त्याच सुमारास, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून चार लाख लोक आजारी पडले. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी, क्लोरीनला दाद न देणारा. १९९८ च्या सुमारास सिद्ध झालं की यूव्हीच्या अगदी थोड्या मात्रेने तो निकामी होतो. मग मोठ्या शहरांनी यूव्ही मनावर घेतली. (उलट ॲडिनोव्हायरस यूव्हीला फार चिवट, पण क्लोरीनने चटकन जातो. म्हणून शहाणी शहरं दोन्ही वापरतात. न्यूयॉर्क आजही क्लोरीन घालतंच.)

मुंबईची अडचण दिव्याशी नाहीच. ती पाइपाशी आहे. आणि इथे आमच्या माटुंग्याचा इतिहास थोडा सांगतो.

मुंबईत नळाचं पाणी आलं विहार तलावातून, १८६० साली. त्याआधी विहिरी आणि तळी. १८५४ च्या दुष्काळाने डोळे उघडले आणि हेन्री कॉनिबेअरच्या आराखड्यावर विहारचं धरण झालं. मग तुळशी १८७९, तानसा १८९२. चार वर्षांत, १८९६ ला, प्लेग आला. त्यातून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मला, आणि त्या ट्रस्टने आखलेली उपनगरं म्हणजे दादर-माटुंगा. आमचे रुंद रस्ते, पाच बागा, इमारतींमधली हवा खेळायची जागा, हे सगळं एका साथीच्या भीतीतून आलेलं आहे. १९११ मध्ये बेंटलीने मलेरियाचा अहवाल दिला, आणि डास होतात म्हणून शहरातल्या विहिरी बुजवायचं आणि झाकायचं सत्र सुरू झालं. म्हणजे पन्नास वर्षांत मुंबईकर आपल्या अंगणातल्या पाण्यावरून शंभर किलोमीटरवरच्या पाण्यावर आला. पाणी आता आपल्या नजरेआड, जमिनीखालून येऊ लागलं.

आणि ते येतं ठरावीक वेळीच. सकाळी दोन तास, कुठे चार. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो. गळती असली तर पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की दाब संपतो, आणि त्याच भेगांतून आजूबाजूचं जे काही असेल ते आत झिरपतं. शेजारून गटाराची लाइन गेलेली असेल तर विचारूच नका. भांडुपला तुम्ही कितीही लखलखीत दिवा लावा, त्याचा प्रकाश पाण्याबरोबर माटुंग्यापर्यंत येत नाही. क्लोरीन येतं. म्हणूनच भारतीय मानकात नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं असं म्हटलंय. नळाच्या पाण्याला जो वास येतो म्हणून आपण नाक मुरडतो, तो वास म्हणजे पहारेकरी अजून जागा असल्याची खूण आहे.

हुबळी-धारवाडला ह्याचा सुरेख अभ्यास झालाय, तोही बर्कलीच्याच संशोधकांकडून. एकाच जुळ्या शहरात काही भागांत चोवीस तास पाणी, बाकी ठिकाणी काही दिवसांआड. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चोवीस तासवाल्या भागात नळाच्या शंभर नमुन्यांत जेमतेम एखाद्यात विष्ठेतले जंतू सापडले. दिवसांआडवाल्या भागात तीसेक नमुन्यांत. चोवीस तास म्हणजे जास्त पाणी असा आपला समज असतो. खरं तर ती पाइपातल्या दाबाची गोष्ट आहे. कऱ्हाडजवळच्या छोट्याशा मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. मुंबईला ते अजून जमलेलं नाही.

म्हणून मुंबईत यूव्ही आली ती घरात. ऐंशीच्या दशकात टाय लावलेले विक्रेते दारोदारी ॲक्वागार्ड दाखवत फिरायला लागले, आणि स्वयंपाकघरात माठाच्या वरच्या भिंतीवर एक पांढरा डबा आला. आपल्यासारख्यांचा प्रश्न सुटला. पण बघा हं, ज्याने डबा घेतला त्याचाच सुटला. पाच बागांपासून धारावी चालत जाण्याइतकी जवळ. पाणी त्याच धरणांचं. तिथे नळ चारपाच घरांत एक, आणि डबा लावायला स्वतंत्र नळच नाही.

आणि डब्यावालेही पूर्ण सुरक्षित नाहीत. आमच्या जवळच्या एका इमारतीत एका पावसाळ्यात घरोघरी कावीळ झाली. बहुतेकांकडे यूव्हीचे फिल्टर होते. जमिनीखालच्या टाकीला तडा गेला होता, शेजारी ड्रेनेजचं चेंबर. प्यायचं पाणी फिल्टरचं असलं तरी दात घासायचं, कोथिंबीर धुवायची, चूळ भरायची ती नळाच्याच पाण्याने ना! एक वर्षाचं बाळही आजारी पडलं. बरं झालं, पण त्या आठवड्यात त्याच्या आईचा चेहरा मी पाहिलाय.

आमच्या माटुंग्यातच ह्या प्रश्नावर वेगळ्या वाटेने काम झालंय, हे बऱ्याच माटुंगेकरांना ठाऊक नसतं. यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी. तिथे अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००१ पासून पाण्याच्या निर्जंतुकीकरणावर पोकळीकरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाणी अरुंद भोकातून जोरात ढकललं की त्यात बारीक बुडबुडे उठतात आणि फुटतात. फुटताना जो धक्का बसतो त्याने जंतूंच्या भिंती तुटतात. पाणी गढूळ असलं तरी बुडबुड्यांना फारसं बिघडत नाही. यूव्हीचा नेमका हाच कमकुवतपणा आहे. तिला पाणी नितळ लागतं, कारण मातीच्या कणाच्या सावलीत जंतू लपतो. एकाच उपायाच्या मागे न लागता दोन उपाय जोडून दोन्हींचा खर्च कमी करायचा, हा त्यांच्या पुढच्या कामातला धागा.

दिव्यांतही बदल होतोय. पाऱ्याचा वापर कमी करायचं जगाने ठरवलंय, आणि यूव्ही देणारे एलईडी आलेत. ते चटकन पेटतात, पारा नाही, आकाराने टिचभर. पण विजेतला फार थोडा हिस्सा ते यूव्हीत बदलतात. पाऱ्याचा दिवा अजून एक तृतीयांश वीज कामी लावतो. तेव्हा मोठ्या केंद्रांत पाराच टिकून आहे. हे चित्र पुढच्या काही वर्षांत बदलेलसं दिसतं.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. निळा दिवा भांडुपला लावता येईल, आणि काही चिवट जंतूंसाठी लावावाही. पण दिवा जिथे लावशील तिथलंच पाणी शुद्ध होतं. त्याच्या पुढची प्रत्येक भेग, प्रत्येक टाकी, प्रत्येक उघडा हंडा ते पुन्हा बिघडवू शकतो. गाडगीळांनी दिव्याची कार्यक्षमता वाढवली ती नुसते वॉट वाचवून नव्हे. पाणी पिणाऱ्याच्या शक्य तितकं जवळ यंत्र नेऊन ठेवलं, आणि ते चालवायला इंजिनियर लागू नये अशी तजवीज केली. शहरात हेच करायचं तर पाइप भरलेले ठेवायला हवेत, आणि ते काम कुठल्याही दिव्यापेक्षा अवघड, खर्चिक आणि फोटोत न दिसणारं आहे. त्याला पुरस्कार मिळत नाही.

बरंच लांबलं. मंडळी, तुमच्या गावात पाणी किती तास येतं आणि टाकी शेवटची कधी धुतली, ते जरूर कळवा. विशेषतः नागपूर आणि बेळगावच्या नातेवाइकांनी.

ता. क. घरच्या फिल्टरचा दिवा कधी बदलला ते आजच बघा. बाहेरचा हिरवा ठिपका लुकलुकतोय ह्यावर जाऊ नका. आणि बघता बघता सोसायटीच्या सेक्रेटरींना जमिनीखालच्या टाकीबद्दलही विचारून घ्या. ते वैतागतील. वैतागू देत.